खुडूक कोंबडी: अंड्यावर बसवण्यापासून पिल्लं सुटी होईपर्यंत

कोंबडी घरट्यातून उठत नाही, हात पुढे केला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते, आणि तिन्हीसांजेला बाकीच्या दांडीवर चढल्या तरी ही जागची हलत नाही. अशी कोंबडी खुडूक झालेली असते. तिचं अंडी देणं थांबतं, तुरा फिका पडत जातो. दिवसातून एखाद्या वेळीच उठते, भलीमोठी आणि उग्र वासाची विष्ठा टाकते आणि घाईघाईनं परत येते. उठून फिरते तेवढा वेळही 'टुक् टुक्' असा तुटक आवाज काढत राहते.

हा आजार नाही आणि हट्टही नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त प्रमाणात सुटू लागतं. मोठा होत जाणारा दिवस, ऊब, आडोशाची अंधारी जागा आणि घरट्यात साठत गेलेली अंडी या सगळ्यांनी त्याला चालना मिळते. प्रोलॅक्टिन वाढलं की बीजांडकोश आक्रसतो, नवी अंडी तयार होत नाहीत. छातीपोटाची पिसं झडतात, काही ती स्वतःच उपटते, आणि तिथली गरम, रक्तानं भरलेली कातडी उघडी पडते. पिसं अंगातली ऊब अडवून धरतात, म्हणून अंड्याशी कातडीच भिडावी लागते. बसलेली कोंबडी हळूच उचलून पोटाखाली बोट लावलं तर तो उघडा, कढत भाग लगेच हाताला लागतो.

सगळ्याच कोंबड्या खुडूक होत नाहीत. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींमधून आणि त्यांच्यापासून केलेल्या संकरांमधून हा गुण पिढ्यान्पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकलेला आहे, कारण खुडूक कोंबडी आठवडेच्या आठवडे अंडी देत नाही. सिल्की, कोचीन, ब्रह्मा, असील आणि बहुतेक गावठी कोंबड्यांमध्ये तो अजून चांगला टिकून आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. माणसाची खरी गरज दोनदा पडते: कोंबडी अंड्यावर बसण्याच्या आधी, आणि पिल्लं बाहेर आल्यानंतरच्या आठवड्यांत. मधले २१ दिवस कोंबडीचे असतात. नवीन माणूस नेमका उलटा वागतो. अंडी हाताला लागतील तशी ठेवतो, मग तीन आठवडे रोज कोंबडी उचलून बघतो, आणि पिल्लं निघाली की काम झालं असं समजतो. पिल्लं कमी निघण्याची आणि निघालेली मरण्याची बरीच कारणं यातच असतात.

अंडी आणि जागा

अंडं फलित हवं, म्हणजे कळपात कोंबडा हवा. साधारण ८ ते १० कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा पुरतो. एकदा संग झाला की शुक्राणू कोंबडीच्या अंडनलिकेत साठून राहतात आणि पुढे दोन आठवड्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त काळ, फलित अंडी मिळत राहतात. त्यामुळे कोंबडा आज नाहीसा झाला तरी लगेच सगळं संपत नाही. उलट, नव्या कोंबड्याची पिल्लं हवी असतील तर जुना हलवल्यानंतर तीन आठवडे तरी थांबावं.

अंडं घातलं गेल्या क्षणापासून त्याचं वय मोजायला लागा. सात दिवसांच्या आतली अंडी सगळ्यात चांगली. दहा दिवसांनंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण चटकन घसरतं. साठवायची जागा थंड हवी, १३ ते १८ अंशांच्या मधली. फ्रिजची थंडी गर्भाला जास्त होते आणि तापलेल्या खोलीत गर्भ अर्धवट वाढून मरतो. अंडी निमुळती बाजू खाली करून ठेवावीत आणि रोज थोडी कलती करावीत. मध्यम आकाराची, नेहमीच्या घाटाची, कवच गुळगुळीत असलेली निवडा. दोन बलकांचं, वाकडं किंवा पातळ कवचाचं अंडं बाजूला काढा. तडा गेलेलं तर नकोच.

अंडी धुवू नका. कवचावर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो. हजारो सूक्ष्म छिद्रांमधून जंतू आत जाऊ नयेत म्हणून तो असतो आणि पाण्यानं तो निघून जातो. किंचित माती लागली असेल तर कोरड्या कापडानं पुसा. फार बरबटलेलं अंडं उबवायला ठेवूच नये, कारण तीन आठवडे ३७-३८ अंशांच्या उबेत जंतूही तितक्याच आनंदानं वाढतात आणि नासकं अंडं फुटलं तर शेजारची चांगली अंडीही घाण होतात.

किती अंडी ठेवायची हे कोंबडीच्या अंगावर ठरतं. मध्यम बांध्याच्या कोंबडीखाली ८ ते १२, अगदी लहान चणीच्या कोंबडीखाली ५-६. कसोटी सोपी आहे: ती बसल्यावर एकही अंडं बाहेर दिसता कामा नये. लोभानं दोन अंडी जास्त ठेवली तर तीच दोन थंड पडतील असं होत नाही. कोंबडी अंडी सतत फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला जातात, त्यामुळे आज हे तर उद्या ते असं करत जवळजवळ सगळीच आळीपाळीनं गारठतात.

जागेचं म्हणाल तर जमिनीलगत, मंद उजेडाची आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी हवी. कळपाच्या अंडी घालण्याच्या पेटीतच खुडूक कोंबडीला राहू दिलं की दुसऱ्या कोंबड्या तिच्या अंगावर चढून तिथेच अंडी घालतात. मग घरट्यात पंधरा दिवसांचं अंडं आणि कालचं अंडं एकत्र येतं. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि अर्ध्यावर आलेली बाकीची अंडी थंड पडून मरतात. शिवाय दाटीवाटीत अंडी फुटतात, आणि फुटलेल्या अंड्याची चव लागलेली कोंबडी पुढे मुद्दाम अंडी फोडते. म्हणून वेगळी खोकी, टोपली किंवा पाटी घ्या. तळाशी थोडी मऊ माती उथळ बशीसारखी दाबा, त्यावर सुकं गवत किंवा पेंढा. खोलगट फार नको, अंडी एकमेकांवर चढतात. सपाटही नको, ती कडेला घरंगळतात. मांजर, मुंगूस, उंदीर, साप यांना वाट मिळणार नाही अशी बारीक जाळी आणि घट्ट झाप असू द्या. मोठ्या छिद्रांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही.

बसवण्याआधी तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा बघा. पंखाखाली आणि गुदाच्या आजूबाजूला पिसं बाजूला करून पाहिलं की दिसतात. रक्त पिणारे बारीक लाल किडे मात्र दिवसा अंगावर नसतात, खुराड्याच्या फटीत दडतात आणि रात्री बाहेर येतात, म्हणून फटी बॅटरीनं तपासा. बैठक मारून बसलेल्या कोंबडीला धूळस्नान पुरेसं करता येत नाही, आणि किडे फार झाले तर ती अंडी सोडून उठते. उपचार करायचा असेल तर तो आधीच, कोंबड्यांसाठीच असलेल्या पावडरनं करा. पिल्लं निघायच्या सुमारास औषध फवारणं टाळा.

आता खरी अंडी लगेच ठेवू नका. कोंबडी नुसती एक-दोन दुपार बसली म्हणजे ती तीन आठवडे बसेलच असं नाही. रात्री अंधारात, बॅटरीचा झोत अंगावर न मारता, तिला हलक्या हातानं उचलून नव्या घरट्यात ठेवा आणि खाली दोन-तीन खोटी अंडी द्या. लाकडी किंवा चिनीमातीची चालतात. दोन-तीन दिवस ती तिथे टिकली, उठून खाऊन स्वतःहून परत त्याच जागी आली, तर रात्रीच खोटी काढून खरी अंडी सरकवा, सगळी एकाच वेळी. २१ दिवस मोजायचे ते इथून. अंड्यांवर पेन्सिलनं खूण करून ठेवा, म्हणजे नंतर कुणी घातलेलं अंडं ओळखून काढता येतं.

मधले तीन आठवडे

आत काय चाललंय हे समजलं की हात आवरता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्भाचं हृदय ठोके द्यायला लागतं, आणि बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरू लागतं. बलक म्हणजे अन्न, पांढरा भाग म्हणजे पाणी आणि प्रथिनं, आणि कवचातून आत येणारी हवा म्हणजे श्वास. छिद्रांतून सतत थोडी वाफ बाहेर जात असते. २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांच्या आसपास घटतं आणि बोथट बाजूची हवेची पोकळी मोठी होत जाते. ही पोकळी शेवटी पिल्लाच्या पहिल्या श्वासासाठी लागते.

कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीनं अंडी फिरवते. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर सुरुवातीच्या दिवसांत गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो आणि वाढ बिघडते. यंत्रात अंडी उबवणाऱ्याला तापमान, ओलावा आणि फिरवणं या तिन्ही गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो. खुडूक कोंबडी तो हिशेब अंगानंच ठेवते. उन्हाच्या दुपारी ती जरा सैल बसते, गारठ्यात दबून बसते.

तुमचं काम दाणापाण्याचं. घरट्यापासून चार पावलांवर स्वच्छ पाणी आणि अख्खं धान्य ठेवा. अख्ख्या धान्यानं विष्ठा घट्ट राहते, आणि जास्त प्रथिनांच्या खाद्याची या काळात गरजही नसते. ती दिवसातून एकदा, १५ ते ३० मिनिटं उठते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार झाली म्हणून घाबरू नका, तो नेहमीचाच प्रकार आहे. घरट्याजवळ राख मिसळलेली कोरडी माती असेल तर ती तेवढ्यात अंगही घोळून घेते. या काळात तिचं वजन उतरतं, ते साहजिक आहे. मात्र दोन दिवस अजिबात उठलेली दिसली नाही तर तिला उचलून दाण्याजवळ ठेवा. उचलताना आधी पंखाखाली हात घालून बघा. अंडं पंखात अडकलेलं असतं, आणि झटकन उचललं की ते वरून बाकीच्यांवर आपटतं.

सातव्या दिवशी रात्री अंडी उजेडासमोर धरून बघण्यासारखी असतात. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचं तोंड बोथट बाजूला टेकवा. वाढणाऱ्या अंड्यात एका गडद ठिपक्यापासून निघालेली लाल रेघांची कोळ्यासारखी आकृती दिसते, आणि जरा वेळ स्थिर धरलं तर तो ठिपका हलतो. पहिल्यांदा हे बघणारा माणूस हमखास गप्प होतो. आत काहीच नाही, नुसता पिवळसर उजेड, तर अंडं फलित नाही. लाल कडं दिसलं पण फांद्या नाहीत, तर गर्भ सुरुवातीलाच मेला. गडद कवचाच्या अंड्यात आतलं कमी दिसतं. खात्री नसेल तर ते परत ठेवा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हा हवेची पोकळी सोडून बाकी सगळा भाग काळा दिसायला हवा. ज्याला वास येतो किंवा ज्यातून काही पाझरतं ते लगेच काढा, न हिंदकळवता.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. आत पिल्लू बाहेर यायच्या पवित्र्यात वळत असतं, डोकं पोकळीच्या दिशेनं.

अंडं टोचणं

साधारण विसाव्या दिवशी पिल्लू आतला पडदा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेतं. बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खालच्या पट्टीत उत्तर देते. मग चोचीच्या टोकावरच्या टणक, पांढऱ्या दाण्यानं पिल्लू कवचाला पहिलं भोक पाडतं. हा दाणा पुढे काही दिवसांत गळून जातो.

आणि इथेच माणसांचा धीर सुटतो. पहिल्या भोकापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात, आणि त्यातला बराच वेळ ते नुसतं पडून असतं. त्या वेळात पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त त्याच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. कवच सोलून "मदत" केली तर त्या वाहिन्या फाटतात, पिल्लू रक्तस्राव होऊन दगावतं किंवा उघड्या बेंबीनिशी बाहेर येतं. तयारी पूर्ण झाली की ते आतल्या आत गोल फिरत कवच कापत जातं आणि बोथट टोक झाकणासारखं उघडतं. त्यामुळे माझा आग्रह आहे: टोचलेलं अंडं दिसलं तर जागा सोडा. घरटं बंद, आवाज कमी, दर तासाला कोंबडी उचलणं बंद.

पोटात ओढलेला तो बलक पिल्लाला दोन ते तीन दिवस पुरतो. म्हणून पहिल्या पिल्लाला लगेच खाऊ घालायची घाई नसते, आणि आईला मागे राहिलेल्या अंड्यांसाठी एक-दोन दिवस बसून राहता येतं. ती पिल्लं घेऊन उठली की उरलेली अंडी उजेडात बघून काढून टाका आणि कवचं, ओला पेंढा साफ करा.

जिच्या अंड्यांतून पिल्लं निघालीच नाहीत अशा कोंबडीला बाहेरची पिल्लंही देता येतात. ती निदान दोन आठवडे बसलेली असावी आणि पिल्लं एक-दोन दिवसांची. रात्री एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवा, खालची अंडी काढत जा, आणि पहाटे उजाडताना तिथे हजर राहा. ती 'टुक् टुक्' करून पिल्लं जवळ घेते की चोच मारते ते लगेच कळतं. मारत असेल तर क्षणभरही थांबू नका, पिल्लं उचला. आठवड्याची झालेली पिल्लं दिली तर बहुधा फसतं. कोंबडी घेईलही, पण पिल्लांनी दुसरं काही आई मानलेलं असतं, ती तिच्यामागे जात नाहीत.

पिल्लांसोबत

यंत्रातल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब द्यावी लागते आणि दर आठवड्याला ती थोडी उतरवावी लागते. इथे ते काम आई करते. पिल्लू गारठलं की पोटाखाली, गरम झालं की बाहेर. तुम्ही फक्त वारा आणि ओल अडवा. मऊ लव भिजली की ऊब धरत नाही, आणि भिजलेलं पिल्लू बघता बघता मान टाकतं.

पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात स्वच्छ खडे टाका. पिल्लू त्यात पाय घालून उभं राहतं, घसरतं आणि दोन बोटं पाण्यातही बुडून मरतं. खाद्य पिल्लांचं, साधारण १८ ते २० टक्के प्रथिनांचं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका. त्यात कवचासाठी घातलेलं कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. आई सध्या अंडी देत नाही, त्यामुळे तिनं पिल्लांचंच खाद्य खाल्लं तर चालतं. दोघांना दोन भांडी ठेवायची खटपट करू नका, सगळे एकाच भांड्यात तोंड घालणार.

खायचं काय हे आई शिकवते, आणि हे शिकवणं डोळस असतं. दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते, आवाज देते. १९९६ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या क्रिस्टीन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लं, आईच्या मते वाईट असलेलं रंगीत खाद्य खाताना तिला दिसली, तर तिचं टोचून दाखवणं आणि माती उकरणं वाढत होतं. म्हणजे पिल्लांची चूक तिच्या लक्षात येत होती. वर घार दिसली की तिचा आवाज वेगळा होतो आणि पिल्लं जागच्या जागी दबून बसतात. यंत्रातल्या पिल्लांना हे कुणी सांगत नाही, आणि खुडूक कोंबडीवर माझा एवढा जीव आहे तो मुख्यतः यासाठी.

तरी आई रोगांशी लढू शकत नाही. दोन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना कॉक्सिडिऑसिसचा मोठा धोका असतो. आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवींचा हा आजार ओल्या गादीवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुश्या-पेंढ्यावर, फोफावतो. पिसं फुलवून कोपऱ्यात उभं राहिलेलं पिल्लू आणि रक्तमिश्रित विष्ठा दिसली की त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. अँप्रोलियमसारखी औषधं पाण्यातून देतात, पण मात्रा त्यांच्याकडूनच घ्या. गादी कोरडी, पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली जागा रोज बदललेली, एवढ्यानं बरंचसं टळतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते. बाकी लसींचं वेळापत्रक पशुवैद्याला अंडी ठेवल्याच दिवशी विचारून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी द्यायची मॅरेक्स रोगाची लस हुकते.

कळपात परत नेणं हे आईच्या स्वभावावर सोडा. बहुतेक आया पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पिल्लं घेऊन बाहेर पडतात आणि जवळ येणाऱ्या कोंबडीला पिटाळतात. पण कळप मोठा आणि जागा तुटपुंजी असेल तर मध्ये जाळी ठेवा, आणि पिल्लांना शिरता येईल पण मोठ्यांना येणार नाही असा एक आडोसा असू द्या.

पाच ते आठ आठवड्यांत पिल्लांना पुरती पिसं येतात आणि आईचा नूर बदलतो. ती त्यांना चोच मारून दूर करते, रात्री दांडीवर जाते, तुरा पुन्हा लाल होतो आणि अंडी सुरू होतात. बघायला कठोर वाटतं, पण तिला परत बोलवून पिल्लांजवळ कोंडू नका. तोवर निम्मी पिल्लं नर आहेत हेही दिसू लागलेलं असतं. दहा पिल्लांत पाच कोंबडे धरून चाला, आणि त्यांचं काय करायचं हे अंडी ठेवतानाच ठरवा. वयात आल्यावर ते एकमेकांशी भिडतात आणि थोड्या कोंबड्यांवर फार कोंबडे झाले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं उडतात.

आणि पिल्लं नकोच असतील तर? खुडूक कोंबडीला तशीच रिकाम्या घरट्यावर बसू देऊ नये, ती आठवडेच्या आठवडे खंगत राहते. पाण्यात बुचकळणं, उपाशी ठेवणं हे जुने उपाय क्रूर आहेत आणि त्यांची गरजही नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच टांगा, आत गवत काही नको, दाणापाणी भरपूर आणि उजेड चांगला. पोटाखालून वारा खेळला की तो कढत भाग थंड होतो, प्रोलॅक्टिन उतरतं, आणि बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत उठतात. खुडूक झाल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच पिंजऱ्यात ठेवलं तर लवकर उठते; दोन आठवडे मुरलेली कोंबडी जास्त दिवस घेते.